काजळगडाचा दुसरा जादूगार

पेणजवळच्या जोह्यात पोपटच्या तोंडाला सगळे वचकून असत. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा माणूस शांत असतो, मोजकं बोलतो, असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांनी पोपटला ऐकलेलं नसतं. गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं आणि "रंग जरा उजळ हवा होता" म्हणालं, की पोपट हातातला ब्रश खाली न ठेवता सांगणार, "रंग बरोबर हाय. तुमचा चष्मा पुसा." मालकाने कपाळाला हात लावायचा आणि गिऱ्हाइकाने तरीही मूर्ती तिथूनच न्यायची, कारण डोळे आखावेत ते पोपटनेच, हे पेणपासून हमरापुरापर्यंत सगळ्यांना कबूल होतं.

हीच जीभ तो पुस्तकांवरही चालवी. सातवी शिकलेला माणूस, पण वाचनाचं वेड असं की दर शनिवारी एसटीने पेणच्या वाचनालयात जाणार, दोन कादंबऱ्या आणणार आणि पुढच्या शनिवारी त्या टेबलावर आपटून निकाल देणार. "पहिली साठ पानं फाडा, मग बरं हाय." "याचा नायक बोलतो फार, जेवत कधीच नाय." वाचनालयातल्या बाई तर नवीन पुस्तक आलं की आधी त्यालाच देत. "मला खोटं बोलता येत नाय," ही त्याची नेहमीची टिमकी. इतक्या वेळा आणि इतक्या जोरात तो हे म्हणे, की कुणी नीट कान दिला असता तर त्याला शंका आली असती. पण कान देतो कोण?

दोन हजार सोळाच्या चैत्रात त्याला महिपतीचा फोन आला.

महिपती म्हणजे त्याचा जुना सोबती. रोह्याला घर, धाटावच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं ऑपरेटर, आणि महिनाअखेरीस रिटायर होणार. त्याआधी तो याच जोह्यात, जुने मूर्तिकार दाजी यांच्या कारखान्यात, पोपटच्या शेजारी बसून डोळे आखायचा. हे आता गावात फार थोड्यांना आठवतं.

"पोपट, मी कादंबरी लिवलीय," महिपती म्हणाला. "जादूगारांची."

"कुणाची?"

"जादूगारांची रे. दोघं असतात. एकाच गुरूचे चेले. काजळगड म्हणून किल्ला हाय, तिथं गुरूची गादी कुणाला मिळायची त्यावरून दोघांची चुरस. अकरा वर्षं लिवतोय. पुढच्या सोमवारी छापखान्यात द्यायची, निरोपसमारंभात वाटायला. त्याआधी तू वाच आणि गुणदोष सांग. माझं तोंड बघून बोलू नको. तू ठीक म्हणालास की ठीक. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाय."

दुसऱ्या दिवशी रोह्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने बाड पेणला आणून दिलं. कंपनीच्या जुन्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली चारशे पानं. पान उलटलं की मागे तापमानाचे आकडे आणि कुणाकुणाच्या सह्या.

चैत्रात परदेशी जाणाऱ्या मूर्तींची घाई असते, तरी जेवणाच्या सुट्टीत पोपट घरी यायचा आणि बाड उघडायचा. त्याची बायको सरू ओटीवर बसून लहान साच्यांत शाडू दाबत असायची. तिला तो मोठ्याने वाचून दाखवी. सरूला वाचायचा कंटाळा, पण ऐकायला तिच्यासारखं माणूस नाही. हात चालू, कान उघडे, आणि कुठे काही पटलं नाही की तोंडही उघडं.

पहिल्या दिवशी पोपट हरखून गेला. महिपतीने काय काय रचलं होतं. काजळगडावर जादूगारांच्या तीन पाळ्या. सकाळची पाळी ढग हाकते, दुपारची किल्ल्याचे दगड तापू देत नाही, रात्रपाळीने राक्षसांवर डोळा ठेवायचा. पाळी बदलताना एकाने दुसऱ्याला चालू मंत्र समजावून सांगायचा, नाहीतर स्फोट. मंत्र फुकटात नाही चालत. प्रत्येक मंत्रामागे जादूगाराची एक आठवण कायमची जाते. त्यामुळे म्हातारा गुरू सर्वशक्तिमान, पण स्वतःच्या आईचं नाव त्याला सांगता येत नाही.

"हे भारी हाय गो," पोपट म्हणाला. "इतरांच्या जादूला काय, टाळी वाजवली की झालं. याच्या जादूची किंमत मोजावी लागते."

"आणि वास येतो तिला," सरू म्हणाली. "तो हिरवा धूर वाचलात ना, माझ्या नाकात चुरचुरलं."

दोषही होते. गुरू बोलायला लागला की दम घेत नसे. सातवं प्रकरण म्हणजे नुसती मंत्रांची यादी. राजकन्या चंद्रलेखा पानोपानी रडत होती आणि सरूला तिचा राग येत होता. "एवढ्या मोठ्या किल्ल्यात एकच बाई, आणि तिला दुसरं काम नाय?"

दोन जादूगार मात्र पोपटने पहिल्याच पानावर ओळखले. नीलांजन आणि भद्रमुख. नीलांजन म्हणजे महिपती, तापट, सारखा हातांकडे बघणारा. आणि भद्रमुख म्हणजे तो स्वतः. महिपतीने त्याला फार चांगला रंगवला होता. भद्रमुख चुरस करतो, पण मनात काळं नाही. नीलांजन दरीत पडला तर दोरी टाकणारा भद्रमुखच. वाचताना पोपटचा आवाज बारीक होत गेला. सरूला वाटलं, घसा बसला.

तिसऱ्या दिवशी चौदावं प्रकरण आलं.

काजळगडाच्या दारात एक महाकाय पाषाणवीर उभा करायचा असतो. गुरूचा नियम असा, की जो वीराच्या डोळ्यांत प्राण घालतो त्याने स्वतः निवाडा द्यायचा नाही. दुसऱ्याने दहा पावलांवर बसायचं, नजरेला नजर द्यायची आणि वीर सिद्ध झाला की नाही ते सांगायचं. नीलांजन प्राण घालतो. भद्रमुख बघतो आणि म्हणतो, "सिद्ध." आणि शत्रू आल्यावर पाषाणवीर भलतीकडेच बघत बसतो. किल्ल्याचं दार फुटतं. नीलांजनाला कळतं की आपली जादू गेली. तो गड उतरतो आणि डोंगरापलीकडच्या विषारी खाणीत मजुरीला लागतो. पुढची सतरा प्रकरणं तो आपली गेलेली जादू शोधत हिंडतो.

पोपटने पान मिटलं.

"पण जादू गेली कशानं?" सरूने विचारलं.

"गेली. लिवलंय ना, दैवाने."

"हॅ. हा मोठाच दोष हाय. जी कलाटणी, तिलाच कारण नाय?" तिने साचा उलटा करून आपटला. "मला इचाराल तर तो भद्रमुख खोटं बोलला. त्याला दिसलं होतं. दहा पावलांवर बसलेल्या माणसाला दिसणार नाय व्हय?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. पोपट उठला, चपला उलट्यासुलट्या घालून कारखान्यात गेला, आणि त्या दुपारी त्याने अकरा मूर्तींचे डोळे बिघडवले. पुसायचे, काढायचे, परत पुसायचे. मालक लांबून बघत होता. पोपटला काही बोलायची त्याची छाती नव्हती.

त्याला भीती वाटत होती. कारण सरूने कादंबरी म्हणून जे सांगितलं ते घडलेलं होतं.

शहाऐंशी साली दाजींच्या कारखान्यातही तोच नियम होता. डोळे आखणारा मूर्तीच्या तोंडाशी असतो, त्याला नुसती रेघ दिसते, नजर दिसत नाही. म्हणून दुसऱ्याने दहा पावलांवर, भक्त बसेल तसं मांडी घालून बसायचं, बघायचं आणि नजर बसली असेल तर "बसली" म्हणायचं. मग देवाच्या तोंडावर फडकं टाकायचं, ते थेट मखरात काढायचं. दाजींना मोतीबिंदू झालेला, त्यांचा सगळा भार या शब्दावर. त्या वर्षी रोह्याच्या एका मंडळाची नऊ फुटी मूर्ती होती. आखणी महिपतीची, बघायला पोपट. डावं बुबुळ बाहेरच्या अंगाला सरकलेलं त्याला बसल्याबरोबर दिसलं. आणि तो म्हणाला, "बसली."

चतुर्थीला रोह्यात फडकं काढलं आणि मंडपात कुजबूज झाली. समोर कुठेही बसा, देव तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या मागे बघतो. एक म्हातारा म्हणाला, अशा नजरेसमोर मी आरती नाही धरायचा. दाजींना टेम्पोने जावं लागलं. चारचौघांत शिडीवर चढून, निम्म्या डोळ्यांनी, त्यांनी ते बुबुळ नीट केलं, आणि महिपती खाली शिडी धरून मान खाली घालून उभा होता. परत आल्यावर त्याने ब्रश धुतला आणि पुन्हा हातात धरला नाही. महिन्याभरात धाटावला लागला.

त्याने पोपटला कधी बोल लावला नाही. उलट म्हणायचा, "तू तरी काय करणार, उजेड कमी होता." स्वतःला मात्र त्याने सोडलं नाही. अलिबागला डोळे तपासले, मुंबईला तपासले. डोळ्यांत दोष निघेना, तर म्हणे हातात. हातातही निघेना, तर नशिबात. आणि दाजींची मोठ्या मूर्तींची सगळी आखणी आली पोपटकडे. तीस वर्षं तो खरं बोलत सुटला होता, गिऱ्हाइकांना, पुस्तकांना, मालकाला. एक जागा सोडून सगळीकडे.

चार दिवस तो घरात टिकला नाही. उठे, पाणी पिई, शेताच्या बांधापर्यंत जाऊन परत येई. झाकली मूठ आता का उघडायची? तीस वर्षं झाली, माणसाची नोकरी झाली, पोरं मार्गाला लागली. सांगून त्याचं काय भलं होणार? आपलं मन हलकं करायला दुसऱ्याच्या डोक्यावर धोंडा कशाला? हे सगळं तो स्वतःला पटवी आणि पटत आलं की सरूचा प्रश्न आठवे. न सांगावं, तर महिपती मरेपर्यंत आपल्याच हाताला शिव्या देत राहणार, आणि तीच शिवी पाचशे प्रतींत छापून वाटणार. सांगावं, तर पोपटला एवढा एकच मित्र होता.

रविवारी सकाळी बाड पिशवीत घालून तो पेण स्टेशनवर गेला आणि रोह्याच्या गाडीत बसला. बसला म्हणायचं एवढंच. कासू स्टेशन येईपर्यंत तीनदा जागा बदलली. नागोठण्याला उतरून परत फिरावं म्हणून दारापर्यंत गेला, गाडी सुटली तरी दांडा धरून तिथेच उभा राहिला. समोरच्या बाईने विचारलंच, "दादा, पिशवीत काय जिवंत हाय का?"

रोह्याला महिपती घराच्या दारातच उभा होता. आत टेबलावर कोरी वही, पेन, त्याचा चष्मा, आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. त्याच्या बायकोने, शांतीने, पोहे आणून ठेवले.

"गुण आधी," महिपती म्हणाला. शाळेतल्या पोरासारखा तो ताठ बसला होता.

पोपटने गुण सांगितले आणि एकही खोटा सांगितला नाही. तीन पाळ्या. मंत्रामागे जाणारी आठवण. हिरव्या धुराचा वास. आईचं नाव विसरलेला गुरू. "ते पान वाचून सरूने साचा खाली ठेवला. सरू साचा कधी खाली ठेवत नाय." महिपतीने हे सगळं वहीत उतरवलं, अगदी सरूचा साचासुद्धा.

"दोष?"

"गुरूला गप बसव. सातवं प्रकरण काढून टाक. चंद्रलेखेला काहीतरी काम दे, सरू लय चिडलीय."

महिपती हसत लिहीत होता. मग त्याने पेन थांबवलं. "आणि चौदावं?"

पोपटने पोह्यांची बशी उगाच सरकवली. "ठीक हाय."

महिपतीने केवढा तरी श्वास सोडला. "मला त्याचीच धास्ती होती रे. चौदावं मी नऊ वेळा लिवलं. कुठंतरी पोकळ वाटायचं. पण तू ठीक म्हणालास ना, झालं." आणि त्याने पेनाचं टोपण लावलं आणि बाडाला दोरी बांधायला घेतली.

तो गाठ मारत होता आणि पोपटला ते बघवेना.

"थांब. चौदावं ठीक नाय."

"आता म्हणालास ना?"

"नाय ठीक. जादू कशी गेली ते तू सांगत नाय. ती गेलेलीच नव्हती. भद्रमुख खोटं बोलला."

महिपती हसला. "काय राव. भद्रमुख तसला नाय. अख्ख्या कादंबरीत तो खोटं बोलत नाय."

"तोच दोष हाय. माणूस इतका चांगला नसतो."

"बरं, बोलला खोटं. पण कशापायी? काहीतरी कारण हवं ना. उद्या वाचणारा इचारील."

"आदल्या दुपारी गुरू त्याला म्हणाला, पुढच्या सालापासून मोठी कामं नीलांजनाची. त्याचा हात तुझ्याहून सरस हाय. तू त्याच्या हाताखाली राहा." पोपटला थांबता येत नव्हतं. "ते भद्रमुखाला गिळवलं नाय. दुसऱ्या दिवशी बसला दहा पावलांवर, दिसलं त्याला, आणि वाटलं, एकदा होऊ दे याची फजिती. एकदाच. इतकं होईल असं नव्हतं वाटलं त्याला."

"पण गुरू असं बोलल्याचं मी कुठं लिवलंच नाय."

"तुला ठावं कुठाय? तू जेवायला घरी गेला होतास. दाजी माझ्याशी बोलले."

पंखा फिरत होता. महिपतीच्या हातात दोरीचं टोक तसंच राहिलं.

"किती होतं?" महिपतीने विचारलं.

"तांदळाच्या दाण्याएवढं. डावं बुबुळ. बाहेरच्या अंगाला."

"आणि तुला दिसलं."

"बसल्याबरोबर."

महिपतीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रंग ओला होता," तो सावकाश म्हणाला. "फडक्याच्या टोकानं पुसून परत काढायला मला एक मिनिट लागलं असतं."

"व्हय."

"एक मिनिट, पोपट."

शांती चहाचे कप घेऊन आली. महिपतीने तिच्याकडे न बघताच सांगितलं, "त्याला नको. त्याची गाडी हाय." गाडीला दोन तास होते. पोपट उठला आणि निघाला. सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात. त्याचं काही झालं नाही. प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो दोन तास चालत राहिला.

घरी येऊन त्याने सरूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी आपलं गोष्ट म्हणून बोलले होते," आणि जेवायला वाढलं.

महिपतीचा निरोपसमारंभ पुस्तकाविना झाला. छापखान्यातलं काम थांबवलं, असं धाटावला शिफ्टला जाणाऱ्या कुणीतरी सांगितलं. पोपटने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा शांतीने उचलला आणि ते झोपलेत म्हणाली. पाऊस गेला, गणपती गेले, त्या साली पोपटने रोज आखणी केली आणि गिऱ्हाइकाला उलटून एक शब्द बोलला नाही. लोकांना वाटलं, आजारी आहे.

दिवाळीनंतर पेणच्या वाचनालयातल्या बाईंनी नवीन पुस्तक पुढे केलं. 'काजळगड'. पातळच होतं. पोपटने ते पिशवीत घातलं, एसटीत उघडलं नाही, घरी आणून ओटीवर बसला आणि सरूला वाचून दाखवायला लागला.

गुरू आता कमी बोलत होता. मंत्रांची यादी नव्हती. चंद्रलेखेला दारूगोळ्याच्या कोठारावर नेमलं होतं आणि ती रडत नव्हती. सरू खूश झाली. तीन पाळ्या होत्या, हिरवा धूर होता. दुसरं प्रकरण झालं, चौथं झालं.

"भद्रमुख कवा येतो?" सरूने विचारलं.

पोपट पुढे वाचत राहिला. नीलांजन दरीत पडला आणि आपणच मुळ्या धरधरून वर आला. पाषाणवीर घडवला, त्याने प्राण घातला, आणि दहा पावलांवर जाऊन तोच बसला. वीराची नजर नीट होती. शत्रू पळाले. गुरूने त्याला गादी दिली. चुरशीवर उभी राहिलेली गोष्ट, तिच्यातली चुरसच काढली होती. किल्ला होता, धूर होता, आणि पुस्तक मधूनच खचलं होतं. हा दोष एखाद्या पोरालाही दिसला असता. महिपतीला दिसला नसेल, असं पोपटला एक क्षणही वाटलं नाही.

तो पानं चाळत शेवटापर्यंत गेला आणि परत पहिल्या पानावर आला.

"कवा येतो तो?" सरूने पुन्हा विचारलं.

"येत नाय गो. काढलाय त्याला."

सरूचे हात साच्यावर थांबले. "मग नीलांजनाची चुरस कुणाशी?"

"कुणाशीच नाय," पोपट म्हणाला. "गडावर एकटाच हाय तो."